मऊ पान

केंटकीतल्या त्या खोऱ्यात तंबाखूला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा लोकांनी हेम्प लावला. भांगेच्याच कुळातलं झाड, पण नशा नाही. त्यातून सीबीडी हे औषधी तेल काढायचं काम वेल्डा टॅकेटनं अंगावर घेतलं. तेल साधलं तर अकरा घरांची शेती टिकणार होती, नाहीतर बुडणार होती.

तेल कशानं काढायचं यावर तिनं उन्हाळाभर डोकं शिणवलं. दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइड वायूचं यंत्र चोख, पण इतकं संथ की अकरा घरांचा माल उरकायला दोन वर्षं लागावीत. ब्यूटेन गॅसनं तेल सुरेख निघतं, पण तो गळला तर जमिनीलगत गुपचूप साचतो आणि एका ठिणगीत सगळ्यांना घेऊन जातो. तेल काढायच्या शेडमध्ये दिवसभर तिचा बाप, लोनी, बसणार होता. म्हणून तिनं थंडगार अल्कोहोल निवडलं. तेही पेटतं, पण निदान वास देऊन. त्याचा नखरा एकच, माल कडकडीत वाळलेला हवा. शेगडीजवळ वाळवलेल्या मूठभर फुलांचं तेल मधासारखं उतरलं, तेव्हा लोनीनं ती बाटली गावभर मिरवली.

नोव्हेंबरात वेल्डा टाक्या आणायला परगावी गेली आणि मागे धुकं उतरलं. तंबाखूवाले या धुक्याचीच वाट बघतात. टांगलेलं पान दमट हवेत मऊ पडलं की उतरवायचं, म्हणजे चुरा होत नाही. लोनीनं जन्मभर तेच केलं होतं. त्यानं अकरा घरांना हाक दिली, हेम्प टांगलेली सगळी कोठारं रिकामी केली आणि मऊ पान दाबून गठ्ठे बांधले. ‘वाळलेलं’ आणा, असं वेल्डानं सांगितलं होतं. पण टांगून सुकलं की तंबाखूवाल्याच्या लेखी ते वाळलंच. तंबाखूवाल्याच्या पोरीला हे आधीच सुचू नये, म्हणून परतल्यावर तिला स्वतःचाच संताप आला.

तोवर तीन आठवडे पडून राहिलेल्या गठ्ठ्यांतून तेलाऐवजी काळं डांबर उतरलं. तिनं नमुने तपासायला पाठवले, आणि प्रयोगशाळेचा कागद आला तो एकटीनंच वाचला. सगळ्या गठ्ठ्यांत डोळ्यांना न दिसणारी बुरशी धरली होती. आता वाळवूनही तिचं विष जाणार नव्हतं, आणि अल्कोहोल ते तेलात उतरवणार होतं.

शेडच्या दारात अकरा घरची माणसं जमली. लोनीनं एक पान बोटात धरून सगळ्यांना दाखवलं.

“एक पान चुरलं नाही गं. मग तेल का बिघडलं?”

चौऱ्याहत्तर वर्षांचा तो चेहरा बघून तिला खरं बोलवेना.

“माझी पद्धत चुकली, बाबा. गॅस घ्यायला हवा होता. मी घाबरले.”

 लोनी शेजारच्या शेतावरच्या हर्शेलकडे वळला.

“ऐकलंस? माल आपला चोख होता. माझ्याच पोरीनं बुडवलं आपल्याला.”

हर्शेलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळे लोनीला सांभाळत बाहेर घेऊन गेले. वेल्डा तो कागद मुठीत दाबून तिथंच उभी राहिली.