सकाळचा श्वास, संध्याकाळचा श्वास

मी एक जुना श्वासमापक आहे. हे भारदस्त नाव माझ्या पाठीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर कोरलेलं आहे, पण त्या नावाने मला आजवर कोणीही हाक मारलेली नाही. सगळे मला भाता म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. माझ्या पोटात भाताच आहे. माणूस पुठ्ठ्याच्या नळीतून जोरात फुंकतो, भाता फुगतो, त्याला जोडलेलं पेन सरकतं आणि कागदावर एक रेघ उमटते. रेघ झपकन उंच गेली तर छाती मोकळी. रेंगाळत, वाकत गेली तर आत कुठेतरी अडथळा. मित्रांनो, माझी विद्या एवढीच. पण या एका रेघेच्या जोरावर मी ताठ मानेने जगलो आहे.

मला घडवणारा कारागीर फार कमी बोलायचा. त्याने माझ्या भात्याच्या घड्या हाताने दुमडल्या, सांध्यांना साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडा येतो का ते पाहिलं, आणि शेवटी स्वतः छाती भरून माझ्यात फुंकर घातली. माझ्या आयुष्यातला तो पहिला श्वास. उमटलेली रेघ त्याने बराच वेळ पाहिली. मग शेजारच्या माणसाला म्हणाला, "यंत्र चोख झालंय. मला सिगरेट सोडायला हवी."

तिथून मी एका मोठ्या रुग्णालयाच्या छातीच्या विभागात आलो. तिथे माझा ताबा एका तंत्रज्ञ बाईंकडे होता. सगळे त्यांना ताई म्हणत. ताई अंगाने किरकोळ, पण आवाज असा की जिन्यावरचा माणूससुद्धा नकळत श्वास भरून घेई. "भरा, भरा, अजून भरा. आता सोडा. सोडा, सोडा, थांबू नका, अजून आहे आत, लपवू नका." रुग्ण लाल होत, खोकत, हसतही. नाकाला चिमटा लावल्यावर एक आजोबा म्हणाले होते, "दवाखान्यात नाक मुठीत धरून यावं लागतं हे माहीत होतं. चिमट्यात धरून हे नवीनच." ताई हसल्या नाहीत. "नाक सांभाळतो आम्ही, तुम्ही फुंका," म्हणाल्या.

त्या काळात माझा थाट होता. विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, विद्यार्थ्यांना माझ्याभोवती उभं करून सांगायचे, "कानाला नळी लावून जे ऐकू येत नाही ते हा कागदावर लिहून देतो." माझ्यावर रोज सकाळी मऊ फडकं फिरे.

मग पडद्याचं यंत्र आलं. ते माझ्या निम्म्याहून लहान, आकडे आपोआप दाखवणारं. मला राग आला नाही, कारण ते खरोखर चांगलं होतं. पण मला ज्या खोलीत नेऊन ठेवलं तिचं मात्र वाईट वाटलं. तिथे मोडकी चाकाची खुर्ची होती, सलाइनचे वाकलेले स्टँड होते आणि खिडकीची काच पेपर चिकटवून झाकलेली होती. कोणी आलंच तर माझ्यावर काहीतरी ठेवायला यायचं. असा किती काळ गेला ते मी मोजलं नाही. भात्याला दम धरता येतो.

एके दिवशी दार उघडलं आणि ताईंच्या मागून एक तरुण डॉक्टर आत आली. नुकतीच शिक्षण संपवून विभागात लागलेली, सगळ्यांत धाकटी, म्हणून तिचं नावच धाकटी पडलं होतं. तिने माझ्यावरचे खोके उचलले आणि विचारलं, "ताई, हा चालेल का?"

"चालायला काय झालं? आपल्यापेक्षा जास्त टिकेल तो. पण तुमच्याकडे पडद्याचं यंत्र आहे की."

"ते विभागाबाहेर न्यायची परवानगी नाही. आणि मला नेमकं बाहेर जायचंय."

गोष्ट अशी होती. मोठ्या बेकरीत पीठ मळायच्या यंत्रावर काम करणारा एक माणूस तिच्याकडे सारखा यायचा. बेकरीत त्याला मिस्त्री म्हणत. तक्रार एकच, छाती भरून येते, जिना चढवत नाही. पण तो यायचा सुट्टीच्या दिवशी, आणि तेव्हा तपासलं की सगळं ठीक. आधीच्या डॉक्टरांनी कागदावर 'काळजी करण्याचं कारण नाही' असं लिहून दिलं होतं. मिस्त्री धाकटीला म्हणाला होता, "डॉक्टर, गाडी गॅरेजमध्ये नेली की आवाज बंद होतो ना, तसं झालंय माझं." ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. माणूस कामावर आजारी पडतो आणि आपण त्याला सुट्टीत तपासतो, मग सापडणार काय?

दोघींनी मला पुसलं, पेनात शाई भरली, भात्याच्या एका घडीला पडलेली बारीक चीर बुजवली. मग ताईंनी तीन लिटरची मोठी पिचकारी आणून तिच्यातली हवा माझ्यात सोडली. रेघ बरोबर तीनवर जाऊन थांबली. "बघा, खानदानी आहे," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, बेकरी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. भट्टीची धग, पत्र्याचे ट्रे आपटल्याचा आवाज, आणि हवेत तरंगणारं पीठ. पोतं वरून ओतलं की पांढरा ढग उठायचा आणि त्यात माणसाचं डोकं दिसेनासं व्हायचं. धाकटीने मला पॅकिंगच्या टेबलावर ठेवलं. कामाला लागण्याआधी प्रत्येकाने फुंकायचं आणि काम संपल्यावर पुन्हा. सुरुवातीला टिंगल झाली. एकाने विचारलं, "डॉक्टर, फुगा कुठून बाहेर येतो?" पण संध्याकाळी मिस्त्रीने फुंकलं आणि हसणं थांबलं. सकाळी त्याची रेघ चांगली उंच गेली होती. आता ती अर्ध्यावर वाकली. तो कागदाकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "म्हणजे मी नाटक करत नव्हतो."

या दुखण्याचा छडा लावायचा, हे धाकटीला त्या दिवशी ठरवावं लागलंच नाही, ठरून गेलं. पण काम मोठं होतं. एका माणसाच्या एका दिवसाच्या रेघेवर कोणी विश्वास ठेवत नाही. बरीच माणसं हवीत, बरेच महिने हवेत, हवेतलं पीठ मोजायला हवं. आणि तिला वेळ मिळायचा फक्त सुट्टीचा. घरी लहान मुलगी होती. बेकरीतून रुग्णालयात जाण्याआधी मी तिच्या घरी जेवणाच्या टेबलाखाली मुक्काम करायचो, आणि ती मुलगी दर वेळी वाकून माझ्यावर स्टिकर चिकटवायची.

तेव्हा तिला फेलोशिपबद्दल कळलं. नव्या डॉक्टरला काही वर्षं संशोधन शिकता यावं म्हणून पगार, साधनं आणि मार्गदर्शक देणारी ती योजना. मुख्य म्हणजे त्यात वेळ मिळतो, वॉर्डाच्या धावपळीतून हक्काने काढून दिलेला. त्यासाठी विभागप्रमुखांनी तिला काही दिवस मोकळं करणं गरजेचं होतं. ती सरांकडे गेली.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," सर म्हणाले. "आणि तू गेलीस तर वॉर्ड कोण बघणार? आधीच माणसं कमी."

तिने सरांशिवायच अर्ज केला. उत्तर आलं ते नकाराचं. ते तिने घरी टेबलाशी बसून वाचलं आणि कागद पालथा ठेवला. तिच्या सासूबाई भाजी निवडत समोर बसल्या होत्या. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे पालथा कागद दिसला की सरळ करायची सवय.

"तुझा प्रश्न चुकीचा आहे असं कुठे लिहिलंय यात?" वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"तसं नाही लिहिलं, आई. प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणतात. पण मार्गदर्शक नाही, विभागाचा पाठिंबा नाही. एकटीला हे झेपणार नाही असं त्यांना वाटतं."

"मग एकटी कशाला गेलीस?"

एका खाजगी रुग्णालयातून धाकटीला चांगली नोकरी चालून आली होती. तिथे उत्तर द्यायचं होतं. तिने फोन हातात घेतला, जरा वेळ धरला, आणि खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने मला उचललं आणि थेट सरांच्या खोलीत नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं. शेजारी मिस्त्रीचे दोन कागद मांडले.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हा कधीचा?"

"सकाळचा."

"आणि हा?"

"त्याच दिवशी संध्याकाळचा. माणूस तोच."

सरांनी बोट रेघेवरून फिरवलं, विद्यार्थ्यांना शिकवताना फिरवायचे तसं. "हे भंगारातून काढलंस?"

"ताईंनी काढून दिलं. सर, मला दुसरीकडे नोकरी मिळतेय. मी जाईनही. पण आधी एकदा नीट विचारायला आले. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं म्हणालात. ड्यूटी संपल्यावर तुम्ही तुमचं संशोधन करायचात ना? त्याचं काय झालं?"

मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण सर खुर्चीत मागे टेकले.

"काही झालं नाही," ते म्हणाले. "दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी वेळ मिळेल." मग त्यांनी भिंतीवरचा ड्यूटीचा तक्ता काढला आणि तिच्यासमोर ठेवला. "आठवड्यातले तीन दिवस तू बेकरीत. त्या दिवसांचा तुझा राउंड मी घेईन. गुडघे कुरकुरतील, पण तोंड अजून चालतं. आणि मार्गदर्शक म्हणून माझं नाव घाल. मात्र लिहिलेलं एकेक वाक्य मी तपासणार. रडायचं नाही."

रडायची वेळ आलीच. सरांनी तिचा नवा अर्ज इतक्या वेळा खोडला की ताई म्हणाल्या, "याच्यापेक्षा बाळंतपण सोपं." पण प्रत्येक खाडाखोडीनंतर अर्ज धारदार होत गेला. त्याच काळात ताईंनी बऱ्याच रुग्णांना एकदा माझ्यात आणि एकदा पडद्याच्या यंत्रात फुंकायला लावलं आणि आम्हा दोघांचं मापन जुळतं की नाही ते पडताळून पाहिलं. जुळलं. मला शंका नव्हतीच.

मुलाखतीला मीही गेलो. लांबट टेबल, पाण्याचे पेले आणि पलीकडे परीक्षक. त्यांतल्या एका बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "इतक्या जुन्या यंत्रावर आम्ही विश्वास का ठेवायचा?"

धाकटीने पिचकारी काढली आणि त्यांच्याच हातात दिली. "तुम्हीच बघा ना."

बाई उठल्या. त्यांनी हवा सोडली, रेघ तीनवर थांबली. त्यांनी पुन्हा सोडली, पुन्हा तीनवर. तिसऱ्यांदा जरा हळू सोडली, मला फसवायला. मी फसलो नाही. धाकटीने दोन्ही यंत्रांच्या तुलनेचा तक्ता पुढे केला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला. तो माझ्याबद्दल नव्हता.

"फेलोशिप संपल्यावर तुमचं काय?"

मी आत भाता घट्ट मिटून बसलो. धाकटी म्हणाली, "कुठे असेन ते आज सांगता येणार नाही. पण नीट प्रश्न कसा विचारायचा आणि त्याचं उत्तर कसं शोधायचं, हे मला तोपर्यंत आलेलं असेल. मी जिथे असेन तिथल्या रुग्णांना त्याचा उपयोग होईल."

फेलोशिप मिळाली.

पुढची वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत दगदगीची आणि सर्वांत सुखाची. आम्ही बेकऱ्यांमागून बेकऱ्या पालथ्या घातल्या. पोतं उंचावरून ओतलं की सगळ्यात जास्त पीठ उडतं, हे मोजून सिद्ध झालं. मालकांना आधी ते पटेना, पण रेघांचे गठ्ठे समोर ठेवल्यावर पटलं. पीठ खालच्या बाजूने सोडायची सोय झाली, हवा ओढून घेणारे पंखे बसले. मिस्त्रीला पीठ मळण्यावरून पॅकिंगला घेतलं. आधी त्याला ते कमीपणाचं वाटलं, कारण आयुष्यभर त्याच्या हाताखाली पीठ होतं. मग एका संध्याकाळी त्याने फुंकलं आणि रेघ सकाळइतकीच उंच गेली. "आता बायको म्हणेल, घरचा जिना चढून सामान तूच आण," तो म्हणाला आणि बराच वेळ हसला. मध्ये एकदाही खोकला नाही.

आता विभागात खिशात मावणारी यंत्रं आली आहेत. बाहेरच्या कामाला ती जातात. मी खिडकीशी एका टेबलावर असतो, नव्या डॉक्टरांना शिकवण्यासाठी. सर निवृत्त झाले. धाकटीला अजून धाकटीच म्हणतात, जरी आता विभाग तीच चालवते.

मागच्या आठवड्यात बाहेर रुग्णांची रांग दारापर्यंत आली होती. धाकटी एका हाताने लिहीत होती, दुसऱ्या हाताने फोन धरून होती. तेवढ्यात विभागात नवीन आलेला एक डॉक्टर टेबलाशी येऊन अडखळत म्हणाला, "मॅडम, एक विचारायचं होतं. सुतारकाम करणाऱ्या रुग्णांना त्यांच्या बायकांपेक्षा लवकर... म्हणजे, घरच्या इतरांपेक्षा लवकर दम का लागतो? घर तर एकच असतं."

"आत्ता नाही," असं ती म्हणेल असं मला वाटलं. तिच्या ओठांवर ते आलंही असावं. पण तिने फोन ठेवला. म्हणाली, "दुपारी ये. कागद घेऊन ये. आणि ड्यूटीचा तक्ताही आण, बघू तुझे कोणते दिवस काढता येतात."

मित्रांनो, माझी निगा सोपी आहे. मऊ फडकं, पेनात शाई आणि अधूनमधून पिचकारीची हवा, एवढ्यावर मी पिढ्या काढतो. नव्या डॉक्टरची निगा त्याहून अवघड, कारण त्याला लागतो वेळ, आणि तो दुसऱ्या कोणालातरी आपल्या वेळातून काढून द्यावा लागतो. तुमच्या घरात उद्या कोणी डॉक्टर होऊन आलं आणि म्हणालं, "मला काही वर्षं एक गोष्ट शोधायची आहे," तर लगेच पगार किती ते विचारू नका. आधी प्रश्न काय आहे ते विचारा.