विम्यात न बसणारे वडील

"पासपोर्ट आला गं! आता कवा येऊ तुझी शाळा बघाया?" तासगावच्या बेदाणा शेडमधून जोतिबाअण्णांनी लेकीला व्हिडिओ कॉलवर विचारलं. मयूरी मस्कतला शिक्षिका होती.

"अण्णा, शाळेच्या विम्यात वडील बसत नाहीत. इथं आजारी पडलात तर?"

"मी? रेड्यासारखा हाय की अजून!" हसत त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी द्राक्षबागेतच त्यांचं हृदय बंद पडलं.

तेराव्याला काका पाहुण्यांना सांगत होते, "जायचं लय मनात हुतं त्याच्या. पर विम्यातच बसंना, पोरीनं तरी काय करावं?"

सगळे मयूरीकडं कळवळून बघू लागले. तिला ते सोसेना.

"बसत होते, काका," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "शाळेनं दोनदा विचारलं होतं. तिथल्या लोकांत मलाच अण्णांची लाज वाटत होती."