गॅरेजमध्ये आलेली सवत

मित्रांनो, दूर समुद्रातल्या एका बेटावर, हिलो गावात तेंगान यांच्या घरामागे, नीरफणसाच्या झाडाजवळ उभी असलेली जुनी फळी म्हणजे मी. माझा बुंधा जमिनीत पुरलेला आहे आणि वरच्या टोकाला भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळलेली आहे. कराटे शिकणारे मला मकिवारा म्हणतात. ठोसे खाणे हे माझे काम. ठोसा सरळ बसला तर मी थोडी वाकते. मनगट तिरके पडले तर मात्र मारणाऱ्यालाच कळ लागते.

शिनेई तेंगान यांनी मला स्वतःच्या हातांनी रंधा मारून घडवले. त्यांचे आजोबा कराटेचे माहेर असलेल्या ओकिनावा बेटावरून इथल्या उसाच्या मळ्यावर मजुरीला आले होते, तेव्हापासून ही विद्या त्यांच्या घरात आहे. शिनेईंची मुलगी केहाऊ परकर-पोलक्याच्या वयापासून माझ्यावरच शिकली. तिच्या बोटांच्या पेरांवर घट्टे पडले. लोक म्हणत, "पोरीची मूठ अगदी बापासारखी आहे." मला वाटे, यांना एवढे कसे कळत नाही? ती मूठ माझी आहे!

मग केहाऊच्या आयुष्यात रस्टी पाशेको आला. तो बंदरावर हमाली करायचा आणि सुट्टीच्या दिवशी पिंजऱ्यात उतरून लढायचा. त्या लढाईत ठोसे, लाथा, कुस्ती सगळेच चालते. केहाऊला ते आवडले. तिने गॅरेज रिकामे केले, जाड गाद्या अंथरल्या आणि तुळईला ठोसे मारायची एक काळी, तुकतुकीत बॅग टांगली.

ती बॅग म्हणजे माझी सवत. कसाही ठोसा मारा, ती झुलते आणि गप्प राहते. दमली की केहाऊ तिला मिठी मारून उभी राहायची. मी आयुष्यभर मार खाल्ला, पण मला कोणी कधी मिठी मारली नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शिनेईंनाही ते सहन होत नव्हते. एका दुपारी ते म्हणाले, "पिंजऱ्यात पंच असतो. खऱ्या भांडणात कोण येणार आहे सोडवायला?"

केहाऊ फटकन बोलली, "खऱ्या भांडणात समोरचा तुमच्या कराटेसारखा आधी वाकून नमस्कारही करत नाही, बाबा!"

"असं? मग उतरव तुझ्या रस्टीला अंगणात."

"राहू द्या ना, अंकल," रस्टी म्हणाला.

"घाबरलास?"

"हो. तुम्हाला काही झालं, तर तुमची लेक मला जिवंत सोडायची नाही."

शेवटी दोघे माझ्यासमोरच उभे राहिले. शिनेईंचा पहिला ठोसा रस्टीच्या बरगडीवर असा बसला, की त्याचा चेहरा पांढरा पडला. मला आनंदाने नाचावेसे वाटले. पण रस्टी मागे हटला नाही. त्याने वाकून त्यांचे दोन्ही पाय कवेत घेतले आणि त्यांना गवतावर पाडले. उताणे पडून लढायला शिनेईंना कोणी शिकवलेच नव्हते. मीही नाही. त्यांचा हात पिरगळला गेला आणि त्यांनी दुसऱ्या हाताने जमिनीवर थाप मारली. हरलो, अशी ती खूण.

"बाबा, लागलं का?" केहाऊ धावली.

"बाजूला हो," एवढेच ते बोलले.

त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी अनवाणी माझ्याजवळून गेले आणि गॅरेजच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "रस्टी, खाली पडल्यावर उठायचं कसं, ते शिकव मला."

मित्रांनो, लेक गेली ते मी सोसले होते. पण ज्यांनी मला घडवले, तेही सवतीच्या घरी गेले! आतून हसण्याचे आवाज येत आणि बाहेर मी पावसात भिजत असे. माझी दोरी कुजली, अंगावर शेवाळ चढले. ती तुळई मोडून पडावी, असे मला रोज वाटे.

एके दिवशी रस्टी बरगडी चोळत बाहेर आला, मागोमाग शिनेई आणि केहाऊही. "अंकल, खोकला आला की तुमचा तो ठोसा अजून आठवतो. कुठे कमावलात?"

शिनेईंनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली. रस्टीने घाईघाईने मला एक ठोसा हाणला आणि मनगट धरून मटकन खाली बसला.

"आई गं! ही तर चावते!"

"बॅग लाड करते," केहाऊ हसून म्हणाली. "हिला लाड माहीत नाहीत."

शिनेईंनी माझे शेवाळ खरवडले, नवी दोरी बांधली आणि रस्टीचे मनगट सरळ धरून त्याला पहिल्यापासून शिकवू लागले. सवतीच्या घरचा गुरू माझा शिष्य झाला. मी सुखाने ताठ उभी राहिले.

पण रस्टी पडला ताडमाड उंच. त्याच्या मापाची म्हणून शिनेईंनी माझ्या शेजारी दुसरी फळी रोवली आहे. कोवळी, गोरीपान, ताज्या लाकडाचा वास अजून अंगाला आहे. येणारा जाणारा आधी तिलाच हात लावतो.

मित्रांनो, नवे जरूर आणा आणि त्याला जपा. इथे पाऊस फार पडतो, तेव्हा त्या नव्या फळीवर ताडपत्री टाकायला विसरू नका.

फक्त आधी माझ्यावर टाका.