म्हशीच्या डिस्ट्रिब्युटरची पूजा

"वहिनी, बाकी सब ठीक हाय, पन याच्यात पानी गेलं नाही पायजे बरं का!"

राजू मेकॅनिकनं बॉनेटमधून डोकं बाहेर काढत असं बजावलं होतं, आणि दामिनी खो खो हसली होती. हसणार नाही तर काय? एप्रिलचा महिना, पांढुर्ण्याचं ऊन, नळ एक दिवसाआड येणार आणि आला तरी हंडा भरायच्या आधी खोकून थांबणार. तिथं गाडीच्या पोटात जायला पाणी आणायचं कुठून?

"राजूभाऊ, पाणी सापडलं तर आधी मला सांगा. मी घागर घेऊन येते."

"हसून राहिल्या तुमी. या नव्या डब्ब्याच्या झाकनाची एक क्लिप तुटली माह्या हातून, तारेनं बांधली हाय. नवी येईस्तोवर सांभाळा म्हनून सांगून राहिलो."

"सांभाळते, सांभाळते," म्हणत दामिनी घरात गेली आणि विसरली. ही कोण दामिनी, तर बाळाचं दूध दोनदा स्वतःच्या मनगटावर आणि एकदा नवऱ्याच्या मनगटावर टाकून पाहणारी. लेक पिलू शांत झोपली आहे ना, हे पाहायला तिला उठवणारी. जगातल्या यच्चयावत धोक्यांची तिला खबर होती. हा एकच तेवढा तिनं हसण्यावारी नेला.

आता ही गाडी कुठली, ते सांगायला हवं. दामिनीचे सासरे पुंडलिकराव यांच्याकडे एक काळी, लांबलचक, पेट्रोलवरची गाडी आहे. सहा सिलेंडरची, आणि सहाही शाळेच्या प्रार्थनेला उभी असावीत तशी एका ओळीत. संत्र्याचा बगीचा पहिल्यांदा लदबदून आला त्या साली पुंडलिकरावांच्या वडिलांनी ती नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून आणली. तिचं नाव विलायती होतं, पण पांढुर्ण्यात त्या नावानं तिला कुणी ओळखत नाही. काळी, धष्टपुष्ट आणि मनात आलं की भर रस्त्यात बसकण मारणारी, म्हणून म्हैस. "काहो पुंडलिकराव, आज कुठं बसली?" असं विचारल्याशिवाय चौकातल्या लोकांना चहा गोड लागत नसे.

दामिनीचे दिवस भरत आले होते तेव्हा म्हैस रेल्वे फाटकाच्या अगदी तोंडाशी बसली. मागं संत्र्याचे ट्रक हॉर्न मारून राहिलेले, पुढून इटारसीकडे मालगाडी धडधडत चाललेली, आणि मध्ये पोटावर दोन्ही हात ठेवून दामिनी. त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं, माझं लेकरू या गाडीत बसणार असेल तर आधी हिचा इलाज होईल. फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं ते काय नुसतं लग्नाच्या बायोडाट्यात लिहायला?

रोगाचं मूळ सापडलं डिस्ट्रिब्युटरमध्ये. डिस्ट्रिब्युटर म्हणजे इंजिनातला पंगतीचा वाढपी. सहा सिलेंडरांना ज्याच्या त्याच्या पाळीला ठिणगी वाढायची, आधी नाही की नंतर नाही. जुन्या वाढप्याच्या पोटात पाइंट असतात, दोन इवलेसे धातूचे ठिपके. ते उघडमीट करतात, करता करता जळतात, झिजतात. त्यांच्यातली फट नेमकी ठेवावी लागते, आणि ती फट पुंडलिकराव लग्नपत्रिकेनं मोजत. वडिलांनी शिकवलेलं माप ते. पत्रिकेचा कोपरा पाइंटांमध्ये सरकवायचा, डोळे मिटायचे, अलगद ओढायचा आणि म्हणायचं, "बराबर."

दामिनीची नजर घारीची. तिनं वर्षभर पाहून हेरलं की म्हशीचा स्वभाव कुणाच्या लग्नाची पत्रिका हाती लागली यावर ठरतो. जाड पत्रिका आली की म्हैस खोकायची, पातळ आली की फुरफुरायची.

"पत्रिकाच नासल्या ना पोरी," पुंडलिकराव कपाळावर हात मारत म्हणाले. "पह्यले साऱ्या एका मापाच्या राहत. आता कोनी मखमल लावते, कोनी जाळी लावते, कोनी तर मोबाईलवरच धाडते. मोबाईल घालू का पाइंटात?"

म्हणून दामिनीनं रात्रंदिवस व्हिडिओ पाहून, दहा जणांना विचारून, नव्या तऱ्हेचा डिस्ट्रिब्युटर मागवला. त्यात पाइंटच नाहीत. आत चुंबक फिरतो, कशाला कशाचा स्पर्श नाही, घासायचं नाही की पत्रिका सरकवायची नाही. राजूनं जुना काढला, नवा बसवला, टायमिंग लावलं. म्हैस अशी एकसुरात गुरगुरायला लागली की शेजारच्या शोभाकाकू भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "नवीन गाडी घेतली का वो?"

पुंडलिकराव मात्र हात मागं बांधून उभे. "मंग मी काय करू आता?"

"तुम्ही चालवा, मामाजी!"

म्हातारा मिशीतल्या मिशीत असा हसला की दामिनीला वाटलं, चला, बीएस्सी कामी आलं.

पण घरात आणखी एक माणूस होता, तिचा नवरा. प्रफुल्लनं लहानपणापासून म्हशीला धक्के मारले होते, परीक्षेच्या दिवशीसुद्धा. पिलूचं जावळ जामसावळीच्या मारुतीला काढायचं ठरलं, आणि या घराचं प्रत्येक लेकरू जावळाला म्हशीतूनच गेलेलं. पुंडलिकरावांनी विषय काढताच प्रफुल्लनं अट घातली.

"बाबा, ठीक आहे, नेऊ. पण जाऊन येईस्तोवर एकदा जरी बसली ना, तर संध्याकाळी नागपूरचा तो जुन्या गाड्यांचा शौकीन येऊन राहिला. त्याच्यासोबत तिची पाठवणी. बोला, कबूल?"

"कबूल," पुंडलिकराव म्हणाले. आवाज ठणठणीत होता. मिशीकडे निघालेला हात मात्र खिशातल्या गाडीच्या किल्लीवर जाऊन बसला, आणि ते फक्त दामिनीनं पाहिलं.

शनिवारी सकाळी निघाले. पुंडलिकराव चाकावर, डोक्याला पांढरी टोपी. शेजारी लीलाबाई, म्हणजे सासूबाई, मांडीवर नैवेद्याचा डबा. मागं दामिनी, पिलू आणि पिलूची पिशवी. त्या पिशवीत दुपटी, कापूस, थर्मामीटर, ग्राइप वॉटर, जखमेला लावायचं स्पिरिट, कानाच्या काड्या आणि जादा टोपडी होती. प्रफुल्ल म्हणत असे की या पिशवीवर सरकारी दवाखाना चालू करता येईल. तो स्वतः मोटरसायकलवर मागून येत होता, निवडणुकीच्या निरीक्षकासारखा तोंड गंभीर करून.

आणि म्हैस धावली! काय धावली म्हणता! घाट नाही की चढ नाही, कुठं खोकली नाही की फुरफुरली नाही. पुंडलिकरावांनी काच खाली केली, कोपर बाहेर टाकलं. संत्र्यांचे बगीचे झरझर मागं चालले. ट्रकवाल्यांना त्यांनी हात केले, बैलगाडीवाल्याला हॉर्न दिला, एका अनोळखी माणसाला तर "राम राम जावई!" म्हणून ओरडले.

"तो कोन होता?" लीलाबाईंनी विचारलं.

"मले काय माहीत? आज सारेच जावई!"

सौसरला पिलूचा मामा गौरव चढला. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं, म्हणून पठ्ठ्या नवी कोरी पॅन्ट घालून आलेला. जामसावळीला न्हाव्यानं पहिला हात फिरवला तशी पिलूनं मामाच्या पॅन्टचंही सार्थक केलं. डोळ्यांवर येणारं पिलूचं जावळ, त्यावरचा गुलाबी फुलाचा हेअरबँड, सगळं उतरलं आणि खालून निघाला एक चकचकीत, आश्चर्यचकित गोटा. दामिनीला हसू आणि रडू एकदमच आलं. पिशवीतून टोपडं काढा, ते घट्ट होतं, दुसरं काढा, ऊन लागतं का पाहा, यात ती गुंतली, आणि तेवढ्या वेळात तिची घारीची नजर गाडीवरून हटली.

परत निघायला सगळे बसले. पुंडलिकरावांनी सेल्फ मारला.

घर्र घर्र घर्र. फट्!

पुन्हा मारला. घर्र घर्र. फट्! फट्! झाडावरची माकडं प्रसादाची केळी टाकून पळाली.

"मारुतीराया इथं झोपलेले," गौरव ओली पॅन्ट झटकत म्हणाला. जामसावळीचा मारुती पहुडलेला आहे, हे सगळ्यांना ठाऊक. "देवाचं पाहून म्हैसही झोपली."

प्रफुल्ल मोटरसायकल लावून आला. त्याच्या हातात मोबाईल होता, आणि तो नागपूरचाच नंबर शोधत होता, हे दामिनीला विचारावं लागलं नाही.

"सांगितलं होतं मी, बाबा. जुन्या जनावराला नवीन सामान पचत नाही."

पुंडलिकरावांनी दोन्ही हात चाकावर ठेवले आणि समोर पाहत राहिले. सकाळी सारं जग जावई असलेला माणूस एकाएकी इतका लहान दिसू लागला की दामिनीनं पिलूला गौरवच्या मांडीवर दिलं (त्याच्या पॅन्टचं आता काय जायचं होतं?) आणि खाली उतरली.

"अहो, थांबा. फोन लावू नका अजून."

"तू काय करशील?"

"बघते तर खरं!"

तिनं बॉनेट उघडलं, आणि आतून वास आला. पेट्रोलचा नव्हे, ऑइलचा नव्हे. गोड, ऊन ऊन, ओळखीचा वास. खोबऱ्याच्या वडीचा! तिनं वाकून पाहिलं. नव्या डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या झाकणावर शेंदराचा ठसठशीत टिळा होता, दोन तांदूळ चिकटलेले, आणि कडेनं पाण्याचा ओघळ, नेमका तारेनं बांधलेल्या बाजूला.

"हे कुणी केलं?"

पुंडलिकरावांनी टोपी सरळ केली. लीलाबाईंनी डबा पदराखाली घेतला.

"आत्याबाई?"

"मी नाही वो माय! यायनंच केलं. मी म्हनलं गाडीच्या चाकाखाली नारळ फोडा, त बॉनेट उघडून म्हनते, नाही, पूजा मालकाची करावं, पायदानाची काऊन? अन् सारं पानी त्या डब्ब्यावर वतलं!"

"नवा पाहुना हाय म्हनलं," पुंडलिकराव पुटपुटले. "पहिल्यांदा देवाच्या दारी आला. पोळ्याले नव्या बैलाची करते, मंग याची काऊन नाही? एवढी चांगली चालली गाडी, म्हनलं देवाचं तीर्थ त्याच्याबी तोंडात पडू द्या."

तेव्हा दामिनीच्या कानात राजूचा आवाज घुमला, 'पानी गेलं नाही पायजे बरं का,' आणि तिला असं हसू फुटलं की तिला बंपरला धरून उभं राहावं लागलं. नळाला नाही, आभाळाला नाही, पाणी सापडलं ते नारळात!

"अहो, माझी पिशवी आणा! पूर्ण!"

झाकणाची तार तिनं सोडली. वायरी एकही न उपसता झाकण अलगद उचललं. आत नारळपाण्याचं तळं. ठिणग्या बिचाऱ्या पंगत सोडून भलत्याच पानावर उड्या मारत होत्या, मग सिलेंडरांनी फटाके नाही फोडायचे तर काय? आधी पिलूच्या दुपट्यानं टिपलं. मग कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुसलं, कारण नारळपाणी वाळलं तरी त्याचा खारट चिकटा वीज वाहतो. मग कानाच्या काडीनं एकेक कोपरा. ती पुसत होती तशीच, जशी पिलूचे कान पुसते, ओठ दाबून, श्वास रोखून.

"लावू का सेल्फ?" पुंडलिकरावांना दम निघेना.

"मुळीच नाही! स्पिरिट उडू द्या आधी, नाहीतर आपलंच जावळ निघेल!"

मग नैवेद्याच्या ताटानं वारा घालणं सुरू झालं. लीलाबाई दमल्या की प्रफुल्लच्या हाती ताट. हो, प्रफुल्लच्याच. कारण बायको घामानं निथळते आहे आणि आपण फोन धरून उभे आहोत, हे बघ्यांच्या घोळक्यासमोर बरं दिसत नव्हतं. झाकण बसलं. पण तार गंजकी, दोन वेळा सुटली. दामिनीनं पिशवीत हात घातला आणि हाताला लागला पिलूचा हेअरबँड. नाहीतरी आता तो घालणार कुणाच्या डोक्यात? तारेवरून त्याचे दोन घट्ट वेढे दिले. म्हशीच्या काळ्याशार पोटात गुलाबी फूल डोलायला लागलं.

"मारा, मामाजी."

घर्र... घर्र... आणि एकदम, सहाच्या सहा, एका ओळीत, एका सुरात! बघ्यांनी टाळ्या पिटल्या, गौरवनं पिलूला उंच धरलं, पिलूनं टाळ्यांना घाबरून भोकाड पसरलं आणि पुंडलिकरावांनी हॉर्न दाबला तो सोडेचनात.

"पण बसली होतीच ना?" प्रफुल्ल म्हणाला. अट ती अट.

"बसली कुठं?" लीलाबाई ताट आपटत म्हणाल्या. "बसवली! तुह्या बापानं तीर्थ पाजलं तिले! देवाच्या पान्यापायी तिले शिक्षा देशील का तू?"

तिकडे त्याची टकली लेक आजोबांकडे झेपावून राहिलेली. त्यानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि नागपूरला फोन लावला. "हॅलो, हां, नमस्कार. नका येऊ संध्याकाळी. नाही, नाही, बिघडली नाही. म्हैस दुभती निघाली, विकायची नाही."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण दामिनीच्या जिवाला स्वस्थता कुठली! म्हैस बसत नाही, हीच आता पंचाईत झाली आहे. पूर्वी पुंडलिकराव गेले तर चौकापर्यंत जात, कारण पुढं म्हैसच जाऊ देत नसे. आता सकाळी उठून सौसरला वांगी आणायला जातात, जशी पांढुर्ण्यात वांगी पिकतच नाहीत. लोधीखेड्याला चहा प्यायला जातात. मोबाईल दाढीच्या डब्यात विसरतात, खरं म्हणजे ठेवूनच जातात. आणि दामिनी पिलूला कडेवर घेऊन अंगणाच्या फाटकापाशी उभी राहते, लांबून सहा सिलेंडरांचा आवाज येतो का म्हणून.

म्हणून तिची तुम्हाला एक विनंती आहे. तुम्ही कधी पांढुर्णा-सौसर रस्त्यानं निघालात आणि संत्र्याच्या बगीच्याजवळ एक काळी, लांबलचक गाडी उभी दिसली, तर पुढं निघून जाऊ नका. जरा थांबा. गाडी ठीकच असेल, माणसाला पाहा. पाणी प्यालात का, टोपी घातलीत का, विचारा. जेवायला घरी वाट पाहून राहिले म्हणून सांगा. आणि बॉनेट उघडं असेल, तर त्यांच्या हातात नारळ तर नाही ना, तेवढं बघा.