पुठ्ठ्यावरचं वाक्य

मस्कतमधल्या आमच्या मंडळाने यंदा साठच्या दशकातला एक ब्रिटिश संगीतपट मराठीत बसवला. मुळात ते नाटकच. त्याचा सिनेमा झाला, आम्ही पुन्हा नाटक केलं. कापडाच्या दुकानातला नोकर अचानक श्रीमंत होतो आणि मैत्रिणीला विसरू लागतो, एवढीच गोष्ट. मंडळातल्याच मधूने बसवलं. प्रॉम्प्टिंग माझ्याकडे.

"काकू, तुमचा आवाज हळू, पण शब्द स्वच्छ," ती म्हणाली होती.

प्रयोग ठरला होता शुक्रवारी. हॉल मिळाला सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी चारला. सोमवारी मी सूर्यास्तापर्यंत बोलत नाही. ह्यांच्या बायपासनंतर, तब्येतीसाठी घेतलेलं व्रत. नऊ वर्षांत मोडलं नव्हतं.

"सोमवार हा माझा सण," असं हे सगळ्यांना सांगत फिरतात.

मधूने तोड काढली. वाक्यं पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत लिहायची, मी विंगेतून दाखवायची.

दुसऱ्या अंकात देविका अडली. मैत्रिणीचं काम तिचं. वय सोळा, जन्म इथलाच. गाणं छान म्हणाली आणि पुढचं वाक्य गेलं. मी पुठ्ठा वर धरला. तिने पाहिलं, मी दुकानांच्या अरबी पाट्यांकडे पाहते तसं. तेव्हा कळलं, हिला मराठी वाचताच येत नाही. फोनवर इंग्रजी अक्षरांत लिहून सगळं पाठ केलेलं. तालमीत मी तोंडाने सांगायचे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पेटीवाल्याने तीच धून पुन्हा वाजवली. प्रेक्षकांत कुणी खोकलं. देविकाची हनुवटी थरथरू लागली. तिसऱ्या रांगेत हे बसले होते. सूर्यास्ताला पाऊण तास होता.

मी वाक्य दिलं. "बंगल्यात तू राहा. मला माझी खोली पुरते."

ती बोलली. मोडलं ते मोडलं. पुढची चार वाक्यंही दिली.

परतताना गाडी दार्सैत भागात आली. हे म्हणाले, "तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू आलं हो."

"मोडलं," मी म्हणाले.

"मग आता?"

"पुढचा सोमवार पुन्हा पहिला."

"पोरगी रडली असती तर मला वर्षभर ऐकवलं असतंस. सोमवार सोडून."

मला हसू आलं नाही. "दुपारची गोळी घेतलीत?"

"घेतली."

"गोळ्यांचं पाकीट दाखवा."

सिग्नलला त्यांनी खिशातून पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. दुपारच्या गोळीचा कप्पा रिकामा होता. तरी मी बोटाने चाचपून पाहिलं.