गुळाचं पारडं

चांगुणाने बबनला पारड्यात बसवलं आणि हात सोडला. समोरच्या पारड्यातली गुळाची ढेप ठप्पकन खाली टेकली. पोर वर, कडुनिंबाच्या फांदीखाली झुलत राहिलं.

“एक ढेप बी नाही पेलली वं याले!” शेजारच्या रुखमाबाई हसल्या. “काढा ते. फोडून खडे टाका.”

गोवरात बबन हातचा जात होता, तेव्हा सासू मनकर्णाबाई गोवराच्या देवीला, मातामायला, नवस बोलल्या होत्या, नातू उठला तर त्याच्या भारोभार गूळ वाटीन. नातू उठला, पण अन्नावरची त्याची वासनाच उडाली. घास दिसला की तोंड फिरवायचा. मागे नर्सबाईंनी त्याला वजनाच्या ताणकाट्याला अडकवून पाहिलं आणि नुसती मान हलवली. तेव्हापासून चांगुणाच्या जिवाला थारा नव्हता. तिचं मॅट्रिकचं विज्ञान राहिलं होतं. पोर निजलं की चुलीपाशी पुस्तक उघडायची, आणि पुस्तकातल्या माणसाचं चंद्रावरचं वजन काढता काढता बबनचंच काढून बसायची. सहाने भागायचं. उरायचं ते ओंजळीत मावेल एवढं.

“काऊन वं चांगुणा, माणूस चंद्रावर उतरला म्हंतात,” रुखमाबाई म्हणाल्या. “तिथं तं हे पोट्टं उडूनच जाईन!”

“तिथं गूळ बी हलका होते, काकू. तराजू असाच राह्यते.”

बोलली, आणि तिचं तिलाच ते लागलं.

ढेप काढली तसं बबनचं पारडं खाली टेकलं. आता समोर खडे पडू लागले. एक, आणखी एक. बबनचं पारडं वर उठेना. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. चांगुणाने खाली पाहिलं. “लेकरू पडन,” म्हणत सासूने त्याच्या पारड्याची कड धरली होती; पदराआड बोटांची पेरं पांढरी पडली होती.

दोघींची नजर भेटली.

चांगुणाने वाकून मोठासा खडा उचलला आणि गुळात ठेवला.

तोच बबन पुढे झुकला. समोरच्या पारड्यातला तोच खडा त्याने दोन्ही हातांनी ओढून घेतला आणि तोंडाला लावला. चोखला. पुन्हा चोखला. हनुवटीवरून चिकट लाळ ओघळली.

“खाते वं!” रुखमाबाई ओरडल्या. “चांगुणा, खाऊन राह्यला तो!”

मनकर्णाबाईंनी दोन्ही हात नातवाच्या तोंडावरून ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

कड सुटली होती, तरी बबनचं पारडं खालीच होतं.