सपाट वाळू

जाळीची पळी तिने वाळूत पार तळापर्यंत घातली, ट्रेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढली आणि वर उचलून हलवली. वाळू गळून गेली. पळीत मुताचे दोन गोळे राहिले, बाकी काही नाही. तिने कोपरे उकरले, मग पळी बाजूला ठेवून बोटांनीच चाचपून पाहिलं. बोक्याच्या शीची इतक्या आतुरतेने वाट पाहणारं माणूस त्या अख्ख्या इमारतीत दुसरं नसेल, हे तिलाही कळत होतं.

“सुटली का फाइल?” स्वयंपाकघरातून सासऱ्यांनी विचारलं.

“नाही बाबा. आजही नाही.”

बोक्याचं नाव साहेब. एकदा एखाद्या गोष्टीवर बसला की ती हलू द्यायची नाही, म्हणून तिच्या नवऱ्याने हे नाव ठेवलं होतं. नवऱ्यानेच त्याला पिल्लू असताना जॅकेटच्या आत घालून घरी आणलं होतं. पुढे नवरा आजारात गेला आणि घरात तिघं उरले, ती, सासरे आणि साहेब. साहेबाचं दुखणं त्यानंतरचं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं की हे मुळापासून जाणारं नाही, आयुष्यभर सांभाळावं लागेल. मोठं आतडं सैल पडलंय, साचलं की साचतच जातं, आणि फार साचलं तर जिवावर बेतेल. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ सिरिंजने पाकासारखं चिकट औषध, ओल्या खाण्यात कालवलेला उकडलेला भोपळा, घरभर पाण्याच्या वाट्या, आणि आळशी साहेबाने दोरीमागे चार उड्या माराव्यात म्हणून दोघांनी आळीपाळीने घातलेला धुडगूस. एवढं करूनही नाहीच झाली, तर टोपलीत घालून दवाखाना आणि एनिमा. एनिमाच्या वेळी साहेब असा ओरडायचा की बाहेर नंबर लावून बसलेले दांडगे कुत्रेसुद्धा मालकाच्या पायामागे सरकत.

ती कपड्यांच्या कारखान्यात कटर होती. एकावर एक रचलेल्या कापडाच्या थरांवर खडूने आखायचं आणि यंत्राने कापायचं. हात चुकला तर एक सदरा नाही, अख्खा ढीग वाया. तिचा हात चुकत नसे, म्हणून दुसऱ्या गावच्या एका मोठ्या कारखान्याने तिला बोलावलं होतं. सगळा कटिंगचा विभाग तिच्या हाताखाली, राहायला खोली. एवढी वर्षं खाली मान घालून काम केल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडे मान वर करून पाहिलं होतं. तिला हे काम हवं होतं. मात्र कारखान्याच्या खोलीत जनावर चालणार नव्हतं, आणि सासरे हे घर सोडायला तयार नव्हते.

म्हणजे साहेब सासऱ्यांजवळ राहणार. खाण्यात कालवायचं औषध त्यांना जमलं असतं. पण सिरिंज नाही, आणि त्याला टोपलीत कोंबून दवाखान्यात नेणं तर नाहीच. त्यांचे हात थरथरत. म्हणून एके दिवशी जेवताना ती म्हणाली होती की साहेब दोन-तीन आठवडे एनिमाशिवाय सुरळीत राहिला, की मी निघेन. सासऱ्यांनी मान डोलावली होती. बरोबर आहे, घाई नको, असंही म्हणाले होते. आणि नेमके ते आठवडे भरत आले नि चार दिवसांपासून साहेबाचं बिनसलं होतं.

नव्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी एकदा मुदत वाढवून दिली होती. उद्या सकाळी त्या शेवटचं विचारायला फोन करणार होत्या.

सासरे आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आलेले. कुठलीही गोष्ट ते लिफ्टवर आणून सोडत.

“अडकलेल्या लिफ्टला धक्के मारायचे नसतात,” ते चहा गाळता गाळता म्हणाले. “तारेवर भरवसा ठेवायचा. येते खाली.”

औषध वाढवू या, असं ती म्हणाली की ते थांब म्हणत. दवाखान्यात नेऊ या म्हटलं तरी थांबच. एरवी साहेब नुसता शिंकला तरी चपला घालून तयार होणारा माणूस हा. त्यांच्या या धीराचं तिला आता नवल वाटायला लागलं होतं.

त्या दिवशी कामावर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खडूची रेघ दोनदा पुसून तिसऱ्यांदा काढावी लागली, तेव्हा तिने यंत्र बंद केलं, अर्धा दिवस रजा टाकली आणि तडक घरी आली. साहेबाला टोपलीत घातलं. सासरे टोपलीच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले. मुक्या जिवाला उगाच कशाला त्रास, चांगला खातोपितो आहे, खेळतो आहे, असं पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी तिने त्यांचा हात हळूच उचलून बाजूला केला.

डॉक्टरीणबाईंनी साहेबाला टेबलावर घेतलं, दोन्ही हातांनी पोट दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“पोट छान मऊ आहे. अडकलेलं काहीच नाही.”

“कसं शक्य आहे? ट्रे रोज मी स्वतः बघते.”

“मग ट्रेबाहेर करत असेल. रुसली की जागा बदलतात मांजरं. घर शोधा. पण तब्येत एकदम उत्तम आहे याची. जे चाललंय तेच चालू ठेवा.”

घरी येताना साहेब टोपलीत निवांत झोपला. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण कोपऱ्यावर सिग्नलला थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटतेय. साहेब बरा आहे म्हणजे आता निघायचं. उद्या फोनवर हो म्हणायचं. सिग्नल सुटला तरी ती उभीच राहिली, आणि मागच्या माणसाने जरा खाकरून तिला पुढे व्हायला लावलं.

घरी येऊन तिने सासऱ्यांना डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं आणि पदर खोचून शोधायला लागली. पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे हात घालून पाहिला, जुन्या चादरींची पेटी ओढली, कुंड्यांमधली माती उकरली. सासरेही कामाला लागले. टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसले, एक गाल फरशीला टेकवून सोफ्याखाली उजेड टाकला. गुडघे करकरत होते, तरी उठेनात.

“इथे तर काही दिसत नाही,” ते म्हणाले. “शिवणयंत्रामागे बघितलंस?”

ती गॅलरीत गेली. ट्रे रोजच्या जागी होता. ट्रेमध्ये कसली शोधाशोध करायची, म्हणून ती वळलीच होती, आणि मग थांबली.

सकाळी तिने ती वाळू बोटांनी उकरून तशीच सोडली होती, खड्डे नि ढीग. आता ती परातीत थापल्यासारखी सपाट होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत, पातळीला पातळी, आणि वरून पट्टी फिरवल्याच्या बारीक सरळ रेघा. हे साहेबाच्या पंजाचं काम नव्हतं.

असं या घरात एकच माणूस करू शकत होतं. भिंतीवरची तसबीर बोटभर तिरकी झाली तर जेवण सोडून उठणारं, पायपुसणं दाराच्या चौकटीला समांतर लावणारं. वाकडंतिकडं काही मागे ठेवणं त्यांच्या हाताला जमतच नव्हतं. वाळू रोज सकाळी अशीच सपाट असायची, हेही तिला आत्ता आठवलं. मांजराने वाळू उकरून झाकली की एका कोपऱ्यात ढीग होतो, कुठल्याही मांजराचा होतो. इतके दिवस तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

तिने वळून पाहिलं. सासरे आता टेबलाखाली शिरले होते.

“राहू द्या बाबा,” ती म्हणाली. “सापडेल.”

“नाही नाही, एवढा कोपरा बघतो.”

तिला असा संताप आला की ती आत जाऊन धुतलेलीच भांडी घासत बसली. आपण इथे मुदत मागून घेतोय, लोकांच्या हातापाया पडतोय, आणि हे सकाळी उठून निवांत पुरावा उचलतायत. वर टॉर्च घेऊन शोधतायत. आणि त्याच रागात मध्येच तिला ते फरशीला गाल टेकवलेलं म्हातारं तोंड दिसे, आणि राग कुठे ठेवावा हे कळत नसे. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी काय काय सुनवायचं, ते तिने पाठ करून ठेवलं.

उजाडता उजाडता ती त्यांच्या आधी उठून गॅलरीत गेली. कोपऱ्यात वाळूचा ढीग होता. ढिगाखाली साहेबाचं काम होतं, चांगलं, मऊ, हवं तसं. ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पळी उचलली.

सासरे आले तेव्हा ती स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होती. त्यांच्या चपलांचा आवाज गॅलरीत गेला. पळी वाळूत एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली. मग कोपरे उकरल्याचा आवाज आला. पुन्हा पहिल्यापासून.

ते दारात येऊन उभे राहिले. पळी हातातच होती.

“अगं, डॉक्टरांना फोन लाव.”

“का?”

“साहेबाला झाली नाही आज.”

“त्यात नवीन काय बाबा? किती दिवस झाले, होतच नाहीये.”

त्यांनी पळीकडे पाहिलं. पळीतली वाळू फरशीवर सांडत होती. सांडलेल्या वाळूकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“रोज होत होती,” ते म्हणाले. “तू उठायच्या आत मी काढून टाकायचो. रोज. आजच नाही झाली. मला काय बोलायचं ते मग बोल, पण आधी फोन लाव.”

रात्री पाठ केलेल्यातलं एकही वाक्य तिला आठवेना.

“झालीय,” ती म्हणाली. “मघाशी मीच काढली.”

ते स्टुलावर बसले. श्वास घेऊन झाल्यावर त्यांनी विचारलं,

“नीट झाली?”

“नीट झाली.”

“खडा नाही ना?”

“नाही. मऊ होती.”

त्यांनी हळूहळू मान हलवली. साहेब येऊन त्यांच्या पायाला अंग घासून गेला. पाणी उकळायला लागलं, तिने गॅस बारीक केला. सासऱ्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

“मी का काढत होतो ते तुला कळलंच असेल,” ते म्हणाले. “तू का काढलीस?”

तुम्हाला धडा शिकवायला, हे तिच्या ओठावर होतं. पळी उचलताना तिने स्वतःला तेच सांगितलं होतं. पण धडा शिकवणारं माणूस पिशवीला दोनदोन गाठी मारत नाही. ती पिशवी केराच्या डब्यात पार तळाशी दाबत नाही, वरून भोपळ्याची सालं पसरत नाही. ते सगळं तिने केलं होतं, आणि करताना तिचे कान सासऱ्यांच्या दाराकडे होते.

आतल्या खोलीत फोन वाजायला लागला.

“मला जायचं नाही असं नाही, बाबा,” ती म्हणाली. “पण माझाही पाय निघत नाही.” फोन वाजत होता.